खेकड्याचं बारसं

आमच्या घरी एका दगडाच्या खेकड्याचं बारसं झालं होतं, हे मी लग्नानंतर सासरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू स्थळ बघताना काहीतरी विचारायचं राहूनच गेलं. त्यानंतर ही गोष्ट मी लग्नकार्यात, गणपतीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे म्हणून ऐकणारा पळून जाऊ शकत नाही तिथे सांगत आले. दर खेपेला खेकडा थोडा मोठा होतो, वसंतमामा थोडा दुष्ट होतो आणि मी थोडी हुशार होते. वस्तुस्थिती अशी की त्या वेळी मी बी.कॉम.ला होते, माझ्या हुशारीबद्दल कॉलेजात कुणाची तक्रार नव्हती कारण ती कुणाला आढळलीच नव्हती, आणि जो सूड मी घेतला असं मी सांगते तो खरं तर दुसऱ्याच माणसाने घेतला. तेवढं एकदा नीट लिहून ठेवते.

आमचं घर रत्नागिरीजवळ, मिरजोळ्याच्या कडेला, उघड्या कातळावर. पुढे ओटी, मागे पडवी, मध्ये आम्ही. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की बाबा डबा घेऊन निघत. ते तिथे स्टोअरकीपर होते. मग घर आत्याच्या ताब्यात जाई. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे पाहुणी म्हणून आली आणि पंधरवड्यात आम्हीच तिच्याकडे पाहुणे आल्यासारखे वागू लागलो. तिच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज ऐकून आज वाटण हिरवं की लाल, हे मला अंथरुणातच कळायचं. आई मात्र आवाज न करता काम करणारी. भांडं खाली ठेवतानासुद्धा त्याला विचारून ठेवल्यासारखी ठेवायची. ती बोलत नसे म्हणून तिला काही म्हणायचं नसतं, असा आम्हा सगळ्यांचा सोयीस्कर समज होता.

पाणी ही आमच्याकडची कायमची रड. बाबांची आई मी पाहिलेली नाही. आवडा तिचं नाव. ती खालच्या व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, हंडे वर चढवण्यात संपली, एवढंच तिच्याबद्दल घरात बोललं जाई, आणि ते बोलून झालं की बाबा उठून बाहेर जात. म्हणून कारखान्यातून बोनस मिळाला त्या वर्षी त्यांनी आधी विहीर काढायला घेतली. जांभ्याचा थर संपता संपेना. तो संपला तेव्हा खाली करड्या रंगाची चिकट माती लागली आणि तिच्यात जळक्या ओंडक्यांसारखं काळं लाकूड. गडी घाबरले. कुणीतरी कुणाला इथे जाळलंय, असं म्हणून ते वर येऊन बसले. मग बाबा स्वतः खाली उतरले. मातीत एक गोल धोंडा रुतलेला होता. त्यांनी त्यावर घण घातला, तो उकडलेल्या अंड्याच्या कवचासारखा सुटला, आणि आत पाय दुमडून बसलेली, पाठ तुकतुकीत असलेली एक अख्खी कुर्ली, म्हणजे खेकडी, निघाली. दगडाची.

बाबांनी ती वर आणून आत्याच्या हातात दिली. आत्याने बाजारात तोलतात तशी ती तोललीन आणि विचारलंन, “भरलेली आहे काय रे?”

दुसऱ्या दिवशी विहिरीला पाणी लागलं. बाबांनी दोन्हींचा संबंध जोडला. असे संबंध जोडणारे ते नव्हते, घरातल्या सत्यनारायणालासुद्धा ते रजा टाकत नसत, पण त्या कुर्लीपुढे ते हळवे झाले. “हिनेच पाणी राखून ठेवलंन हो इतकी वर्षं,” ते म्हणाले. मग त्यांनी पुण्याला वसंतमामांना फोन लावला. वसंतमामा आईचा मावसभाऊ, भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. मामांनी फोनवर पुष्कळ काही सांगितलं असणार. असे प्राणी मातीत दगड होऊन राहतात, ही जात कदाचित अजून कुणाला सापडलेली नसेल, तसं असेल तर तपासावं लागेल, छापावं लागेल, नाव द्यावं लागेल. बाबांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, “नाव ठेवायला सांगितलंय.”

आता आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. त्यात पुण्याच्या प्राध्यापकाला विचारण्यासारखं काय होतं?

बारसं रीतसर झालं. माळ्यावरून माझा पाळणा काढला. चवळीच्या घुगऱ्या शिजल्या. वाडीतल्या चौघी आणि आई अशा पाच सवाष्णी जमल्या. त्यांना आधी हसू आवरेना, पण पाळण्याला झेंडूची माळ लागली, उदबत्ती लागली, आणि मग त्या आपोआप गंभीर झाल्या. हातांना सवय असते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत कुर्ली पाळण्याखालून वरून फिरली. तिला टोपडं बसेना म्हणून ते शेजारी ठेवलं. पाचही जणींनी बोट ओलं करून तिच्या पाठीवर कुंकू लावलं, एकीशेजारी एक. मग आत्या वाकली आणि अडली. “कान कुठे गो हिचा?” कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी डोळ्याच्या खोबणीपाशी तोंड नेऊन ती कुजबुजली, “आवडा,” आणि चौघींनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की त्यांत बऱ्याच जुन्या गोष्टींचा हिशेब उरकला असावा. बाबा ओटीवर उभे होते. कारखान्यातल्या लोकांना त्यांनी घुगऱ्यांचा डबा नेला, आणि आपल्या आईच्या नावाचा प्राणी आता पुस्तकात येणार, हे सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. गेटवरच्या वॉचमनलासुद्धा.

मे महिन्यात मामा आले. ते दर मेमध्ये येत. आंबा खाताना ते डोळे मिटून घेत, आणि उघडले की ताटात दुसरा असे. कुर्ली बघितल्यावर मात्र त्यांचे डोळे मिटेनात. त्यांनी ती भिंगातून पाहिली, उजेडात नेली, पुन्हा पाहिली. तोवर आईने ती फडक्याने पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती, पण ओलं कुंकू दगडात मुरतं. ठिपके अंगातलेच असावेत तसे फिकट तांबडे दिसत होते. “आम्ही बारसं केलंय हं,” बाबा म्हणाले, “आवडा ठेवलंय.” मामा हसले. “वा, वा! मग आवडाच ठेवू की, भावोजी.” बारसं कसं केलं, काय काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडच्या गोष्टी विचारायच्या असतात, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आंब्याची पेटी आणि कुर्ली घेऊन ते गेले.

पुढच्या मेमध्ये ते छापलेला लेख घेऊन आले. रत्नागिरीतली खेकड्याची नवी जात. तिचं नाव त्यांनी त्यांच्या विभागप्रमुखांच्या आडनावावरून ठेवलं होतं, आणि आता त्यांची बढती नक्की होती. “आवडा?” बाबांनी विचारलं. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “भावोजी, हे शास्त्र आहे. असं घरगुती नाव चालत नाही.” पुढे मला कळलं की चालतं. कुणाचंही चालतं, आईचं, बायकोचं, कुत्र्याचंसुद्धा. फक्त ज्याने छापलं त्याच्या मनात यावं लागतं. सापडलं कुठे, या रकान्यात लिहिलं होतं: लेखकास एका विहिरीच्या खोदकामात आढळले. बाबांनी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. “छान झालंय,” म्हणाले.

त्यानंतर कारखान्यात जे होणार होतं ते झालं. “काय शेठ, बारसं जेवलो, पोर दुसऱ्याच्या नावावर?” असं कुणीतरी म्हटलं, आणि ते इतकं सगळ्यांना आवडलं की रोज कुणी ना कुणी म्हणू लागलं. बाबा मागच्या वाटेने जाऊ-येऊ लागले. घरी आले की विहिरीच्या काठावर पाठमोरे बसत. पाणी भरताना बाबांची ती पाठ दिसली की मी घागर आपटायची. वय झाल्यावर राग विझतो असं लोक सांगतात. मी वाट पाहत्येय.

सूड घ्यायचा हे आत्याने आणि मी न बोलताच ठरवलं. आमचे पहिले प्रयत्न आठवले की आजही लाज वाटते, ते वाईट होते म्हणून नव्हे, फारच हलके होते म्हणून. पुढच्या खेपेला मामांच्या सोलकढीत मीठ जास्त पडलं. त्यांनी ती पिऊन आणखी मागितली. आंबट निघालेले तेवढे आंबे आत्याने त्यांच्या पानात वाढलेन. ते म्हणाले, यंदा आमच्या पुण्याकडे मिळतो तसा लागतोय. कुर्ल्यांचं कालवण केलं तेव्हा त्यांना नुसते पोकळ पाय आणि आम्हाला डेंगे, म्हणजे त्या भरलेल्या जाड नांग्या. तर त्यांनी पायांवर व्याख्यान दिलं. ज्याला अपमान होतोय हेच कळत नाही, त्याच्यावर सूड घेणं फार दमवणारं असतं.

मग पावसाळ्यात एकदा, घरात कपडे वाळत घातलेले, बाहेर जायची सोय नाही, म्हणून मी तो लेख डिक्शनरी घेऊन वाचायला बसले. मामांनी आईला एक प्रत सही करून दिली होती, ती देवाच्या फळीवर होती. अर्ध्या पानाला माझी दुपार गेली. कच्छमध्ये सापडणाऱ्या जुन्याच एका जातीशी हा खेकडा जवळजवळ सगळ्या बाबतींत जुळतो, असं त्यात होतं. मग वेगळा कशावरून? तर पाठीवर कमानीत असलेले पाच तांबडे ठिपके. मूळ प्राण्याचा रंग क्वचितच असा टिकतो. कच्छच्या जातीत असे ठिपके नाहीत. सबब ही जात नवी.

मी ते तीनदा वाचलं. मग पडवीत गेले. आत्या कोकमाची भिरडं सोलत होती.

“आत्या, मामांनी पुस्तकात बारशाची कुंकवं छापलीत.”

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती हसली नाही. हात पुसलेन, उठली, देवापुढे जाऊन साखर ठेवलीन, आणि मग परत येऊन हसायला बसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “पाच सवाष्णी गो! मेल्याने एक पण सोडलंन नाय!”

पण बाबांनी दोघींना गप्प केलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाहेर बोलायचं नाही.”

“का पण, बाबा? मामा उघडे पडतील.”

“पडतील. आणि आपली कुर्ली? ती नवी आहे म्हणून तर आहे. ठिपके गेले की ती कच्छमधल्या शंभरांतली एक. नाव दुसऱ्याचं का असेना, नवी तरी आहे. माझ्या विहिरीतली आहे.”

आईही तिथे होती. आत्या तिच्याकडे वळली. “आणि तू काय ती बोल. तुझाच भाऊ तो.” आई घडी घालत होती. “दादाची नोकरी आहे,” एवढंच म्हणाली आणि चादरीची टोकं जुळवत राहिली. आत्या तिच्याशी पुढचे बरेच दिवस फक्त मिठा-मसाल्यापुरतं बोलत होती. मीही मनातून आईला माहेरवाली म्हणून मोकळी झाले.

त्या दिवाळीनंतर मामांचा फोन आला. बडोद्याहून एक बाई येणार होत्या, कच्छच्या खेकड्यांवर त्यांचा सगळा अभ्यास, आणि त्यांना ठिपक्यांबद्दल शंका होती. मामा त्यांना विहीर दाखवायला आणणार होते, येताना कुर्लीही आणणार होते. दुपारचं जेवण आमच्याकडे. आत्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बाबांना दिसलं असणार, कारण त्यांनी मला आणि तिला समोर उभं करून शपथ घातली. आम्ही ती घेतली. मी तर शपथ लागू नये म्हणून पाठीमागे बोटं अडकवून घेतली.

डॉक्टर नफीसा चाळिशीच्या, सडपातळ, मोठ्या चष्म्याच्या. बोलायला लागल्या तर चक्क आमच्यासारख्या. त्यांचं आजोळ चिपळूणजवळचं. दारातच शिंपल्यांच्या कालवणाचा वास घेऊन त्यांनी विचारलं, “तिसऱ्या केल्यात काय हो?” आणि आत्या तिथेच अर्धी विरघळली. त्यांनी विहीर पाहिली, काठावरची माती चिमटीत घेऊन कागदात बांधली. मग पानं वाढली. कुर्ली ओटीवरच्या टेबलावर, मखमलीच्या डबीत उघडी ठेवलेली. जेवताना मामा रंगात आले होते.

“हे आमचे भावोजी,” त्यांनी बाबांकडे हात केला, “विहीर यांचीच. भला माणूस. पण मॅडम, मी त्या दिवशी आलो नसतो ना, तर हा नमुना यांच्या न्हाणीघराच्या पायरीला लागला असता! गड्यांनी फोडून टाकलेला, हे सिमेंट कालवून बसलेले. मी म्हटलं, थांबा!” आणि ते हसले.

बाबांचा घास हातात राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. शपथ आम्हा दोघींना घातलेली. मी तोंड उघडलंही असेल. तेवढ्यात आईने भाताची परात खाली ठेवली. ठण्ण असा आवाज झाला. तिच्या हातून झालेला असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

“दादा,” ती म्हणाली, “तो मधला ठिपका माझा.”

“काय?”

“मधला. बाकीचे वाडीतल्या चौघींचे. बोलावू काय? घरीच असतील.” मग ती नफीसाबाईंकडे वळली, आणि पाहुणीला कढीची कृती सांगावी तशा आवाजात सांगितलंन, “आम्ही हिचं बारसं केलेलं. ह्यांनी स्वतः विहिरीत उतरून काढलीन हिला. पायरीबियरी काही नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली. बारशाला पाचजणी कुंकू लावतात ना, ते लावलं. दादा तेव्हा पुण्यास होता.”

नफीसाबाई हात धुऊन आल्या. “सर, एक ठिपका पुसून बघू? तुम्ही म्हणाल तर.” मामांनी नको म्हटलं असतं तर तेच उत्तर झालं असतं. ते म्हणाले, “बघा ना. काही निघायचं नाही.” आत्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन हजरच होती, पण बाई म्हणाल्या, तेल नको, दगडाला डाग पडेल, घरात नेलपॉलिश काढायचं औषध आहे का कुणाकडे?

या प्रसंगातलं माझं एकमेव कर्तृत्व ते हे. माझ्याकडे होतं. अकाउंटन्सीच्या पुस्तकांमागे, आत्याला दिसू नये म्हणून मोज्यात घालून ठेवलेलं. मी ते आणलं, आत्याने मोज्याकडे आणि माझ्याकडे एकदा पाहिलंन, आणि पुढची चौकशी तहकूब केलीन. बाईंनी कापूस भिजवला, मधल्या ठिपक्यावर धरला, हळूच फिरवला. कापूस लाल झाला. कुंकवाचा लाल, तो रंग घरातली कुठलीही बाई पाटावर बसल्याजागी ओळखेल. दगडावर खाली काही उरलं नाही.

“बाकीचे चार असू देत,” नफीसाबाई म्हणाल्या. “पुरावा म्हणून लागतील.”

मामा ताटावरून उठले नाहीत. थोड्या वेळाने ते आईला म्हणाले, “मालू, तू हे मला आधी सांगायचंस.” आई म्हणाली, “तू विचारायचंस.” आणि त्यांच्या पानात भात वाढला, नेहमीइतकाच. त्यांनी तो खाल्ला, सगळा, मान खाली घालून. मी आजवर पुष्कळ मेजवान्या पाहिल्या, पण एखाद्याला जेवताना पाहून इतकं पोट भरलेलं मला आठवत नाही.

मामा बाहेर चपला शोधत होते तेव्हा बाबांनी बाईंना विचारलं, “म्हणजे आता ही नवी नाही?”

“नाही. कच्छमधलीच. तिला नाव आधीच आहे, बऱ्याच जुन्या एका माणसाने ठेवलेलं.” मातीची पुडी पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, “वाईट वाटतं मला. तुमच्यासाठी.”

बाबा डबीशी गेले. चार ठिपक्यांची कुर्ली मखमलीवर पाय दुमडून बसली होती. तिला या सगळ्याशी काही कर्तव्य नव्हतं. ते तिच्यावर वाकले. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि मला भीती वाटली की आता आईवर चिडतील. मग ते वळले.

“आणि यांनी ठेवलेलं नाव? ते पुसतात?”

“पुसत नाहीत. ते बुडालं, वापरायचं नाही आता. पण या जातीबद्दल जो कोणी सविस्तर लिहील, त्याने तिच्या खऱ्या नावाखाली बुडालेली नावंही लिहायची असतात. कुणी ठेवलं, कधी ठेवलं. चूक कुणाची ते कळावं म्हणून.”

“दर वेळी?” आत्याने विचारलंन.

“दर वेळी.”

“आणि ते त्याचे साहेब, ज्यांचं नाव दिलंन?”

“त्यांचंही. तेच तर बुडालेलं नाव.”

आत्या उठली आणि तिसऱ्यांचं पातेलं घेऊन आली. बाई नको नको म्हणत होत्या, पण त्या दिवशी आमच्या घरात कुणाचंही काही ऐकून घेतलं जाणार नव्हतं. बाबा आईशेजारी पाटावर बसले. ते तसे कधी बसत नसत. त्यांनी तिच्यापुढे आपलं ताट सरकवलं आणि म्हणाले, “मालू, मलाही वाढ. भूक लागलीय.”

मामा त्यानंतर मेमध्ये आले नाहीत. पेटी मात्र आई दर वर्षी त्यांना पाठवत राहिली, उत्तम निवडलेली, प्रत्येक आंबा गवतात बसवून, न चुकता. मला तेव्हा ते माहेरचं प्रेम वाटायचं. आता मी स्वतः त्या वयाची झाले, आणि आता मला तसं वाटत नाही.

आत्या गेली. बाबा ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येतं, पण दर रविवारी सकाळी फोन करतात. नातवंडांचं विचारून झालं की आवाज जरा खाली आणतात, आई स्वयंपाकघरात आहे ना याची खात्री करून घेतात. मला ठाऊक असतं काय ते. मी कॉम्प्युटरवर खेकड्यांच्या जातींची यादी उघडूनच बसलेली असते. कच्छच्या खेकड्याचं खरं नाव ठळक, त्याखाली बारीक अक्षरांत साहेबांचं बुडालेलं नाव, पुढे मामांचं आडनाव.

“आहे ना गो अजून?”

“आहे, बाबा.”

“वाच बघू.”

मी वाचते. सावकाश, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो, आंबा खाताना होतो तसा. मग म्हणतात, “बरं. लक्ष ठेव हो. दया येऊन काढून टाकील कोणीतरी.”